पुलावरून पाणी आहे, आज दूध नाही

श्रावणाच्या आसपास आमच्या कोंढ्यात हे वाक्य हमखास कानावर पडतं. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातलं हे गाव. भोवती धानाच्या बांध्या, अधूनमधून जुने मालगुजारी तलाव. एकदा झड लागली की चार-चार दिवस उघडीप नसते. नाले फुगतात, रपट्यावरून पाणी जाऊ लागतं, आणि पलीकडच्या गावाहून रतीब घालणारा माणूस सायकल घेऊन पलीकडेच उभा राहतो. इकडे चुलीवर चहाचं आधण उकळत असतं. मग घरातलं एक माणूस म्हणतं, ‘बिचारा येणार तरी कसा?’ आणि दुसरं म्हणतं, ‘पैसे मोजून घेतो ना महिन्याला? मग यायला नको?’

ही दोन्ही वाक्यं एकाच घरात, कधी कधी एकाच तोंडून निघतात. पूर, वादळ किंवा रणरणतं ऊन असताना घरपोच वस्तू आणणाऱ्या लहान माणसाकडून गिऱ्हाइकानं काय अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न आज मोबाइलवरून जेवण मागवण्याच्या काळात नव्यानं चर्चेला आला आहे. पण तो नवा नाही. त्याला मोठा इतिहास आहे, आणि तो वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. प्रश्न पावसाचा नसतो. ‘आज येणं होणार नाही’ असं म्हणण्याचा हक्क कुणाला होता आणि कुणाला नव्हता, हा खरा प्रश्न असतो.

सुरुवात जुन्या गावगाड्यापासून करू. गावात सगळे एकमेकांना सांभाळून घेत होते, असं आपण कौतुकानं सांगतो. सुतार, लोहार, कुंभार यांना दर खेपेला पैसे मिळत नसत, सुगीला धान्य मिळे. त्यामुळे पावसानं दोन दिवस काम अडलं म्हणून कुणी त्यांचे दोन दिवस कापत नसे. ही त्या व्यवस्थेची चांगली बाजू. पण निरोप आणि ओझी पोचवण्याचं काम ज्यांच्या माथी होतं, त्यांची गोष्ट वेगळी होती. मुंबई इलाख्यात महार वतनदारानं सरकारी कागद दुसऱ्या गावी न्यायचा, अधिकाऱ्यांचं सामान वाहायचं, कुणाच्या घरी मयत झाली तर परगावच्या नातेवाइकांना खबर द्यायची. रात्र असो, पाऊस असो, ‘आता नाही जमत’ हे उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही कामाला जुंपलं जाई.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, त्यामागे हेच दुखणं होतं. कामाला वेळेची मर्यादा नाही, मोबदल्याची खात्री नाही आणि नकार देण्याची सोय नाही. हे वतन कायद्यानं जायला १९५८ साल उजाडावं लागलं. आमचा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथं मालगुजारी आणि कोतवाल अशी वेगळी घडी होती. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. बाबासाहेबांचा आणि भंडाऱ्याचा संबंध १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीचा. तिथं ते उभे होते आणि हरले, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. पण १९२८ चं ते विधेयक निरोप पोचवणाऱ्या माणसाच्या नकाराच्या हक्काचंही होतं, ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

आता टपालाकडे वळू. मराठेशाहीत पत्रं नेणारे जासूद जोडीनं निघत. वाटेत एक आजारी पडला, नदीला उतार मिळाला नाही, चोरांनी गाठलं, तरी दुसरा पुढे जाईल, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे संकट येणारच हे गृहीत धरून केलेली तजवीज. पत्र पाठवणाराही ती जाणून असे. नदी चढली असेल, जोडी अलीकडच्या तीरावर अडली असेल, हे त्याला समजे.

१८५४ साल आपल्या भागासाठी दोन कारणांनी महत्त्वाचं. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. भंडारा इंग्रजी अंमलाखाली आला तो असा. त्याच वर्षी देशभर एकसारख्या दराची टपालसेवा सुरू झाली. पत्र हलकं असेल तर अर्धा आणा, मग ते शेजारच्या तालुक्यात जावो की कलकत्त्याला. १८७९ मध्ये एक पैशाचं पोस्टकार्ड आलं, १८८० मध्ये टपाल खात्याची मनीऑर्डर आली. गरिबाच्या हातात ही फार मोठी गोष्ट पडली, यात शंका नाही.

पण त्याबरोबर आणखी काहीतरी झालं. पूर्वी निरोप नेणारा माणूस तुमच्या ओळखीचा असे. आता तिकीट चिकटवलं की काम झालं. मधला माणूस दिसेनासा झाला. तो मात्र होताच. आगगाडी जिथं संपे तिथून टपालाची थैली हरकाऱ्याच्या खांद्यावर जाई. हातात भाला, भाल्याला घुंगरं. घुंगरांच्या आवाजानं जनावरं दूर व्हावीत म्हणून. काही मैलांचा टप्पा धावायचा, थैली पुढच्या हरकाऱ्याला द्यायची. नाल्याला पाणी असलं तरी थैली कोरडी राहिली पाहिजे. वाटेत वाघाच्या तोंडी गेलेल्या हरकाऱ्यांच्या हकिगती टपाल खात्याच्या इतिहासात आहेत. अर्ध्या आण्यात गिऱ्हाइकानं हेही विकत घेतलं होतं, पण ते त्याला कधी दिसलं नाही.

रुडयार्ड किपलिंगनं १८८६ च्या सुमारास डोंगरात टपाल नेणाऱ्या अशाच एका हरकाऱ्यावर कविता लिहिली. किपलिंग मुंबईत जन्मलेला आणि त्या वेळी लाहोरच्या वर्तमानपत्रात काम करणारा. कवितेचा सूर कौतुकाचा आहे, पण बाजू पत्राची वाट पाहणाऱ्याची आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मोठ्या टपाल कचेरीवर असंच एक वाक्य कोरलेलं आहे. ऊन-पाऊस-बर्फ-अंधार, काहीही टपालवाल्याला अडवू शकत नाही, अशा अर्थाचं. हिरोडोटसनं प्राचीन इराणच्या घोडेस्वार जासुदांविषयी जे लिहिलं, त्यावरून ते घेतलं. इमारत १९१४ मध्ये खुली झाली. गंमत अशी की, ते वाक्य टपाल खात्याचं अधिकृत ब्रीद नाही. इमारतीच्या वास्तुविशारदानं ते निवडलं. म्हणजे थैली वाहणाऱ्याच्या वतीनं वचन दिलं कुणी? एकदा कवीनं, एकदा इमारत बांधणाऱ्यानं. ज्याच्या पायाखाली पाणी, त्याला कुणी विचारलं नाही.

याउलट, ज्यांच्या हाती सत्ता आणि भांडवल होतं त्यांनी ‘आज नाही’ हे किती सहज म्हटलं, तेही पाहा. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून टपाल घेऊन निघाली आणि सुमारे तेहतीस दिवसांत सुएझला पोचली. मुंबईच्या व्यापाऱ्यांना विलायतेशी लवकर पत्रव्यवहार हवा होता, ते खूष झाले. पण नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्यापुढे ही बोट निभाव धरणारी नव्हती. म्हणून तिच्या फेऱ्या पावसाळा टाळून होत. व्यापारी त्याप्रमाणे पत्रं आधी लिहीत किंवा दिवाळीपर्यंत थांबत. पावसाळ्यात बोट नाही, हे आधी माहीत असल्यामुळे कुणी तिच्या कप्तानाला कामचुकार म्हटलं नाही.

हेच आपल्या काळात कोकण रेल्वेनं केलं. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ ला करंजाडीजवळ भर पावसाळ्यात मोठे अपघात झाले. दोन्ही वेळा दरडीचे दगड रुळांवर आले होते. त्यानंतरची बरीच वर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असं पावसाळी वेळापत्रक तिथं लागू असे. गाड्या हळू चालतात, प्रवासाला जास्त वेळ लागतो. मुंबईहून सावंतवाडीला जाणारा चाकरमानी कुरकुरतो, पण त्या वेळापत्रकाप्रमाणे तिकीट काढतो. वेग कमी केल्यानं गिऱ्हाईक तुटलं नाही. कारण कमी वेग आधी छापून सांगितला होता.

मग प्रश्न येतो लहान माणसांचा. त्यांच्यापाशी ना आगबोट, ना वेळापत्रक छापण्याची सोय. तरीही मुंबईच्या डबेवाल्यांनी हे साधलं, म्हणून त्यांचं उदाहरण मला मोलाचं वाटतं. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं असं मानलं जातं. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, मुळशी या भागांतली ही माणसं. १९५६ मध्ये त्यांनी आपली विश्वस्त संस्था नोंदवली. मालक आणि नोकर असा भेद न ठेवता टोळीनं काम करायचं, मिळकत वाटून घ्यायची. त्यांच्या अचूकपणाच्या गोष्टी जगभर सांगितल्या जातात, पण एक गोष्ट त्या मानानं कमी सांगितली जाते. दरवर्षी चैत्रात गावच्या जत्रेसाठी ते पाच-सहा दिवस सगळे मिळून सुट्टी घेतात. गिऱ्हाइकांना आधी कळवतात, वर्तमानपत्रांत बातमी येते. त्या आठवड्यात मुंबईकर कचेरीत वडापाव खातो, पण डबेवाला बदलत नाही. एकट्यानं सुट्टी घेतली असती तर गिऱ्हाईक गेलं असतं. सगळ्यांनी मिळून घेतली म्हणून ती रीत झाली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला त्याच दिवशी फक्त ७३. उपनगरांत पावसाचा मुख्य जोर दुपारी दोननंतरचा. जेवणाचे डबे साधारण एकच्या आत पोचतात, त्यामुळे अडचण झाली ती रिकाम्या डब्यांच्या परतीची. लोकल बंद पडल्या. डबेवाले आणि त्यांचे गिऱ्हाईक एकाच पाण्यातून चालत घरी निघाले. त्या संध्याकाळी ‘माझा डबा कुठं आहे’ असं विचारायला कुणाला तोंड नव्हतं, कारण विचारणाराही कमरेएवढ्या पाण्यात होता.

मला वाटतं, या विषयाचं मर्म इथं आहे. गिऱ्हाईक आणि वाहून आणणारा एकाच आभाळाखाली असले की अपेक्षा आपोआप शहाण्या होतात. दोघांत अंतर पडलं की त्या बेफाम होतात. कुलाब्याला कोरड्या खोलीत बसलेल्याला सांताक्रूझचं पाणी दिसत नाही.

आता पुन्हा आपल्या भागात येतो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला मोठा पूर आला. वर मध्य प्रदेशात संजय सरोवरातून पाणी सुटलं, इकडं गोसेखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं, अनेक रस्ते बंद झाले. त्या दिवसांत दूध, भाजी, वर्तमानपत्र आलं नाही म्हणून कुणी भांडल्याचं मी ऐकलं नाही. मोठ्या संकटात माणसं समजूतदार होतात. भांडण होतं ते लहान संकटात. नाला तासाभरासाठी चढतो, रपट्यावर गुडघाभर पाणी असतं, आणि पलीकडचा म्हणतो, ‘ये ना, एवढंसं तर पाणी आहे!’ विदर्भात दर पावसाळ्यात पुलावरच्या पाण्यातून गाडी घालून माणसं वाहून गेल्याच्या बातम्या येतात. गुडघाभर पाण्याला ओढ किती असते, ते काठावरून कळत नाही.

तरीही दूधवाला पाण्यात पाय घालतो. का घालतो, याचा साधा हिशेब मांडून पाहू. समजा, त्याचा वीस घरी अर्धा-अर्धा लिटर रतीब आहे आणि भाव पन्नास रुपये लिटर धरला. तीन दिवस झड लागली आणि तो आला नाही. प्रत्येक घरानं कॅलेंडरच्या चौकटीत तीन फुल्या मारल्या. महिनाअखेर प्रत्येकानं खाड्याचे पंचाहत्तर रुपये कापले. घराच्या दृष्टीनं ही रक्कम किरकोळ आणि कापणं रीतसर. दूध घेतलं नाही, पैसे का द्यायचे? पण दूधवाल्याचे दीड हजार गेले. म्हैस काही झडीत दूध द्यायची थांबत नाही. तिला ढेप, चारा लागतोच. उरलेल्या दुधाचं तो दही लावील, तूप करील, पण ओल्या दिवसांत सगळं खपेलच असं नाही. म्हणजे ‘आज नाही’ म्हणण्याचा हक्क त्याला आहे, पण त्याची किंमत एकटा तोच मोजतो. तीन दिवसांची ही किंमत डोळ्यांपुढे असताना गुडघाभर पाणी त्याला कमी वाटू लागतं.

उन्हाळ्याचंही तसंच. नवतप्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. आणि नेमकी त्याच वेळी लग्नघरातून हाक जाते, ‘थंड पाण्याचे दहा जार पाठवा, आत्ताच्या आत्ता.’ वीस लिटरचा जार खांद्यावर घेऊन जिना चढणाऱ्या पोराला त्या उन्हात काय होतं, हे मागवणाऱ्याला ठाऊक नसतं असं नाही. त्याला ते आठवत नाही, इतकंच. अहमदाबादेनं २०१० च्या भयंकर उष्णतेनंतर २०१३ मध्ये उष्माघात टाळण्यासाठी आराखडा केला, पुढे नागपूरनंही केला. भर दुपारी कष्टाचं काम टाळा, हा सल्ला अशा आराखड्यांत असतोच. तो मालकासाठी आहे, तसा गिऱ्हाइकासाठीही आहे. जार सकाळी नऊला मागवले तर पाणी दुपारीही थंडच राहतं.

शहरांत हे अंतर आणखी वाढलं आहे. २०२१ च्या सुमारास ‘दहा मिनिटांत घरपोच’ अशी जाहिरात करणाऱ्या कंपन्या आल्या. पुन्हा तेच झालं. वचन दिलं कंपनीनं, ते पाळायचं दुचाकीवरच्या मुलानं. पाऊस असला की काही कंपन्या जादा आकार लावतात. त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं, मी पावसाचे पैसे भरले, आता उशीर का? त्या मुलाला काम बंद ठेवता येतं, असं सांगितलं जातं. पण दिवसाचं उत्तेजन बुडतं, तेव्हा तो ते ठेवत नाही. दूधवाल्याच्या खाड्याचंच हे नवं रूप. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या आली, राजस्थाननं २०२३ मध्ये त्यांच्यासाठी पहिला कायदा केला. कल्याण, सुरक्षा यांचा विचार सुरू झाला, हे चांगलंच आहे. पण पाऊस कोसळत असताना दोन मिनिटं उशीर झाला म्हणून आपण काय बोलतो, ते कुठल्या कायद्यात बसवणार?

कुणी म्हणेल, मग गिऱ्हाइकानं काहीच मागू नये का? आजारी म्हाताऱ्याचं औषध असेल, तान्ह्या बाळाचं दूध असेल, तिथं अडून कसं चालेल? हा आक्षेप खरा आहे. गिऱ्हाइकाचा हक्कही खरा आहे. पैसे मोजून वस्तू मागवणाऱ्याला वेळेवर खबर मिळाली पाहिजे. ‘आज येत नाही’ हे सकाळी सहाला कळलं तर तो शेजारून दूध आणील, दहाला कळलं तर त्याची फजिती. पूर्वी खबर देणं हेच अवघड होतं, आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेलं हवामान खातं आता जिल्ह्या-जिल्ह्यासाठी पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. तो इशारा दूधवाल्याला दिसतो, तसा आपल्यालाही दिसतो. लाल इशारा असताना औषध आदल्या दिवशी आणून ठेवणं हे घरच्या माणसाचंच काम आहे. खबर न देता जो दूधवाला चार दिवस गायब होतो, त्याच्यावर रागवायला माझी हरकत नाही.

इतिहास सांगतो तो एवढाच. आगबोट कंपनीला पावसाळा टाळता आला, रेल्वेला वेग कमी करता आला, डबेवाल्यांना एकजुटीनं जत्रेची सुट्टी पाळता आली. वतनातल्या महाराला, हरकाऱ्याला ते करता आलं नाही, आणि एकट्या दूधवाल्याला, जारवाल्याला, दुचाकीवरच्या पोराला अजूनही पदरमोड केल्याशिवाय करता येत नाही. ही पदरमोड वाटून घेणं आपल्या हातात आहे. वरच्या हिशेबातला खाडा अर्धा-अर्धा करून पाहा. प्रत्येक घराला तीन दिवसांचे साडेसदतीस रुपये पडतील आणि दूधवाल्याचे साडेसातशे वाचतील. तेवढ्यानं कदाचित तो पाणी ओसरेपर्यंत पलीकडे थांबेल.

बहुतेक घरी भिंतीवर कॅलेंडर असतं आणि त्यात दुधाचा हिशेब असतो. यंदाच्या झडीत ज्या दिवशी दूध येणार नाही, त्या दिवसाच्या चौकटीत फुली मारण्याआधी जरा थांबा. पुलावर पाणी होतं का, ते विचारा. होतं असेल तर फुलीऐवजी तिथं ‘पूर’ असं लिहा. महिनाअखेर हिशेबाला बसाल तेव्हा फुलीचे पैसे पुरते कापा आणि ‘पूर’ लिहिलेल्या दिवसांचे अर्धे द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)